नाताळची आरास आणि सवड

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडली की कर्नाटकाच्या हद्दीतील पहिले गाव लागते, ते कोगनोळी. वर्तमानपत्रांत हे नाव येते ते बहुधा सीमाप्रश्नाच्या निमित्ताने; पुढाऱ्यांना हद्दीवर अडविले, पोलिसांचा बंदोबस्त वाढविला, अशा बातम्यांतून. २०२१ साली कोरोनाच्या चाचणीचा दाखला जवळ नसलेल्या प्रवाशांना याच ठिकाणाहून परत फिरविले जात होते, हेही वाचकांच्या स्मरणात असेल. परंतु डिसेंबरच्या उत्तरार्धात कोगनोळीच्या टोलनाक्यावर निराळीच गर्दी असते. पुण्याकडे नोकरीधंद्यासाठी गेलेली गोमंतकीय मंडळी नाताळासाठी घरी निघतात, त्यांतील पुष्कळांची वाट येथूनच जाते. पुढे कोणी निपाणीहून आजरा-आंबोलीच्या रस्त्याला वळतो, कोणी बेळगाव गाठून चोर्ल्याचा घाट उतरतो. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांमागे खोळंबलेल्या या गाड्यांत बॅगांच्या जोडीला खोकीही असतात. घडी उलगडली की उभे राहणारे झाड, विजेच्या दिव्यांच्या माळा, प्लास्टिकचा तारा, सारे त्यांत तयार असते. चोवीस तारखेला घरी पोचावे, तासाभरात आरास उरकावी आणि सुट्टी संपताच ती पुन्हा खोक्यात घालावी, असा क्रम आता रूढ होऊ पाहत आहे.

या मंडळींना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. रजा मिळते चार दिवसांची, त्यात रस्त्यावर जातो एक. तथापि नाताळची आरास ही मुळात एका तासात उरकण्याची गोष्टच नव्हे, एवढे सांगितले पाहिजे. नाताळापूर्वीचे चार रविवार हा ख्रिस्ती पंचांगात आगमनकाळ, म्हणजे वाट पाहण्याचा काळ मानला जातो, आणि सणाची सांगता होते ती ६ जानेवारीला, तीन राजांच्या फेस्ताने. आरास या काळाबरोबर हळूहळू वाढावी, अशीच जुन्या घरांतील रीत होती. गोठा आधी तयार होई, पण त्यातील गव्हाण मध्यरात्रीच्या प्रार्थनेपर्यंत रिकामी राही. तीन राजांच्या मूर्ती दूर कोपऱ्यात ठेवीत आणि घरातील पोरे त्यांना रोज वीतभर पुढे सरकवीत. रिकामी गव्हाण हीच त्या आराशीतील सर्वांत बोलकी वस्तू होती, असे आम्ही म्हणू.

गोठ्याची ही प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्यो गावी १२२३ साली मांडलेल्या देखाव्यापासून पसरली. त्या देखाव्यात होते काय? गवत, एक बैल आणि एक गाढव. आमच्याकडे तो आल्यावर त्याला कोकणच्या मातीचा वास लागला. पेंढ्याचे छप्पर, नदीकाठची वाळू, दगडावरचे शेवाळे, आणि या सर्वांपेक्षा रम्य म्हणजे नाचणीचे शेत! नाताळाच्या आठदहा दिवस आधी नाचणी किंवा गहू भिजवून पसरट भांड्यात मातीवर पेरावयाचे, रोज हाताने पाणी शिंपडावयाचे. नाताळाच्या रात्री गोठ्याभोवती हिरवेगार शेत उभे असते.

कोल्हापूर-निपाणी भागातील कोणत्याही माउलीला हे दाखविले तर ती म्हणेल, हा तर आमचा घट! घटस्थापनेला मातीत धान्य पेरून नऊ दिवसांनी ते दसऱ्याला टोपीत खोवणारे लोक आणि गोठ्यासाठी नाचणी रुजविणारे लोक यांचे दैवत वेगळे असेल, हात मात्र एकच आहे. ताऱ्याचेही तसेच. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील मोरेव्हियन पंथाच्या शाळेत भूमिती शिकविताना कागदी तारे करवून घेत, त्यातून तो तारा जगभर गेला. आमच्या गावी तो बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ यांतून उभा राहतो, म्हणजे दिवाळीच्या आकाशकंदिलाचाच तो धाकटा भाऊ. कोल्हापुरात वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ साली कामास प्रारंभ केला. त्या परंपरेतील मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला दारापुढे रांगोळी पडते आणि करंज्या, लाडू, चकल्यांचे डबे भरतात. ‘नाताळ’ हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि इतका आपलासा केला की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. हे सारे वर्षानुवर्षांच्या सवडीने घडले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘घरी केलेले ते खरे’ असा उपदेश करणे सोपे असते आणि त्याचा भार बहुधा घरच्या बाईवर पडतो. बेबिंकेचा एक थर भाजल्यावाचून दुसरा ओतता येत नाही, दोदोल तासन्‌तास ढवळावे लागते, नेवऱ्या वळावयाच्या असतात, शेजारच्या हिंदू घरी धाडावयाचे ताट सजवावयाचे असते. त्यात आणखी कामट्या तासणे आणि नाचणीला पाणी घालणे हेही तिच्याच माथी मारावयाचे असेल, तर दुकानातला तारा शतपटीने बरा! साधी आरास हवी असेल तर ती पुरुषांनी आणि मुलांनी करावी. कामटी तासणे अवघड नाही, आणि गोठ्याला लागणारे गवत आणण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

गावोगावच्या गोठ्यांच्या आणि ताऱ्यांच्या स्पर्धांविषयीही आमचे मन थोडे साशंक आहे. त्यांनी ही कला जिवंत ठेवली, हे मान्य. परंतु बक्षीस बहुधा आकाराला मिळते, आणि आकार वाढला की थर्मोकोल येते. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ती केवळ गणेशोत्सवापुरती आहे असा काहींचा समज झालेला दिसतो. परीक्षकांनी यंदा अंगणातल्या मातीने आणि पेंढ्याने केलेल्या हातभर गोठ्याकडेही जरा वाकून पाहावे.

राहता राहिली कोगनोळीच्या नाक्यावर अडकलेली मंडळी. त्यांना चोवीसला पोचून नाचणी पेरता येणार नाही, हे उघड आहे. पण घरी मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांना चौदापंधरा तारखेला दूरध्वनी करून मूठभर नाचणी भिजत घालावयास सांगता येईल, आणि कामट्या बांधून ठेवल्या तर कागद चिकटविण्याचे काम पोचल्यावर नातवंडांना करता येईल. परतीच्या प्रवासाला निघताना गोठा मात्र तसाच मांडलेला राहू द्यावा. तीन राजे ६ जानेवारीपर्यंत यावयाचे असतात, आणि त्यांना रोज पुढे सरकविण्यास घरात आजोबा आहेतच.