एक छप्पर, दोन पंगती?

सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी, माण आणि खटाव या तालुक्यांनी मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या मनुष्यबळ पुरविले. गिरणीच्या साच्यावर, गोदीत आणि बाजारपेठेत ओझी वाहण्यात ज्यांची उमेद खर्ची पडली, १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या हातचे काम गेले, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मुले पोटापाण्यासाठी पुण्याकडे. गावात म्हातारा-म्हातारी आणि शेजारी कुलूपबंद घरे. अशा माणसाला अंथरुणातून उठायलाही दुसऱ्याचा हात लागू लागला, की त्याला सांभाळायचे कोणी?

बाजाराजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार आहे. सशुल्क वृद्धनिवास हा आता एक व्यवसाय झाला आहे. ज्याच्यापाशी निवृत्तिवेतन आहे किंवा परदेशी गेलेला मुलगा आहे, त्याला तिथे खोली, जेवण आणि परिचारक मिळतो. गिरणी कामगाराचे काय? २०१४ साली भविष्यनिर्वाह निधीखालील निवृत्तिवेतनाची किमान रक्कम ठरली ती महिना १००० रुपये, आणि संपात देशोधडीला लागलेल्या कित्येकांच्या नशिबी तीही नाही. निराधार आणि श्रावणबाळ योजनांची रक्कम राज्य शासनाने २०२३ मध्ये १५०० रुपये केली. एवढ्या पैशांत वृद्धनिवासाचे दारही उघडत नाही.

म्हणून असा प्रस्ताव पुढे येतो की, निराधार वृद्धांचा खर्च शासनाने द्यावा आणि खासगी वृद्धनिवासांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घ्यावे. समाजवादी कार्यकर्त्याची पहिली प्रतिक्रिया विरोधाची असते. सरकारी तिजोरीतून खासगी धंद्याला पोसायचे कशासाठी? शासनानेच वृद्धाश्रम काढावेत, हा त्याचा आग्रह तत्त्वतः बरोबरच आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांची सोय करणारा आश्रम काढण्याची तरतूद आहे. परंतु कायद्याने तेथे शासनावर सक्ती केलेली नाही, केवळ मुभा दिली आहे. १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांचा प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क मान्य केला आणि जिल्हावार आश्रमांची माहिती गोळा करण्यास सांगितले. मुभेचे कर्तव्यात रूपांतर होईपर्यंत अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीने वाट पाहावी, असे कोणता समाजवाद सांगतो?

तेव्हा प्रस्ताव सरसकट नाकारता येत नाही. मात्र तो कोणत्या अटींवर स्वीकारायचा, यावर सारे अवलंबून आहे. येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. समजा, ३० खाटांच्या एका निवासात दर माणशी खरा खर्च १२,००० रुपये येतो आणि १० खाटांवर शासनाने पाठविलेले वृद्ध आहेत. शासनाने ९,००० रुपयेच दर ठरविला, तर दरमहा ३०,००० रुपयांची तूट येईल. ती भरून कशी निघणार? मालक ती स्वतःच्या नफ्यातून भरील, ही आशा भाबडी होय. एक तर दोन-तीन परिचारिका कमी होतील किंवा त्यांचा पगार कापला जाईल. नाहीतर उरलेल्या २० जणांचे शुल्क माणशी १,५०० रुपयांनी वाढेल. म्हणजे गरिबाला सांभाळण्याचा भार शासनाऐवजी शेजारच्या खाटेवरील निवृत्त शिक्षकावर पडेल. कराचे नाव न घेता बसविलेला हा करच! आणि मग तो शिक्षक शासनाला नव्हे, शेजारच्या म्हाताऱ्याला दोष देऊ लागेल.

ही केवळ कल्पना नव्हे. इंग्लंडमध्ये स्थानिक स्वराज्य संस्था खासगी निवासांत वृद्धांसाठी जागा विकत घेतात. तेथील स्पर्धा नियामकाने २०१७ मध्ये दाखवून दिले की, त्याच निवासात स्वतःचे पैसे भरणाऱ्यांना सरासरी ४१ टक्के जास्त शुल्क पडते. २०११ मध्ये तेथील सर्वांत मोठी वृद्धनिवास कंपनी बुडाली, तेव्हा सुमारे ३१,००० वृद्धांच्या डोक्यावरील छप्पर धोक्यात आले.

दूर कशाला जायचे? शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या. परताव्याची रक्कम थकते, ही शाळाचालकांची तक्रार कायम राहिली. आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने अनेक शाळांना या जबाबदारीतून मोकळे करू पाहिले, ते उच्च न्यायालयाने रद्द ठरविले. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. परंतु रिकामी खाट कोठे आहे, हे गरिबाला कळत नाही. त्यासाठी त्याला कोणाची तरी चिठ्ठी लागते. हक्क कागदावर आणि किल्ली चालकाच्या हाती, अशी ही अवस्था आहे.

सातारकरांना एका छपराखालच्या समतेचा धडा नव्याने गिरविण्याची गरज नसावी. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा निरनिराळ्या जातींच्या मुलांची पंगत त्यांनी एकच ठेवली. ती टिकावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या काळी पंगत जातीने मोडत असे. उद्याच्या वृद्धनिवासात ती पावतीच्या रंगाने मोडेल. शुल्क भरणाऱ्याला हवेशीर खोली आणि ‘सरकारी’ म्हाताऱ्याला मागची पडवी, असे झाले तर सार्वजनिक पैशाने माणसाची प्रतिष्ठा नव्हे, अवहेलना विकत घेतली असे होईल.

म्हणून अटी स्पष्ट हव्यात. दर खऱ्या खर्चावर ठरावा आणि महागाईबरोबर दरवर्षी वाढावा. रक्कम महिन्याच्या महिन्याला मिळावी. ती थकली म्हणून वृद्धाला बाहेर काढता येऊ नये. प्रवेश चालकाच्या मर्जीने नव्हे, जाहीर यादीतून व्हावा. अन्यथा चालता-फिरता म्हातारा घेतला जाईल आणि अंथरुणाला खिळलेला नाकारला जाईल. स्वयंपाकघर एक असावे. परिचारिकांना किमान वेतन मिळावे. कारण म्हातारपणाची सेवा करणाऱ्या बाईला उपाशी ठेवून कोणाचीही सेवा होत नाही. खासगी निवासांच्या नोंदणीची तरतूद असलेले २०१९ चे केंद्रीय दुरुस्ती विधेयक २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. नोंदणीची ती मागणी पुन्हा लावून धरली पाहिजे.

आणि हे सारे शासकीय आश्रमाला पर्याय म्हणून नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात शासनाचा स्वतःचा चांगला आश्रम असेल तरच खासगी चालकाशी दराची घासाघीस करता येईल. ज्याच्यापाशी दुसरी खाट नाही, त्याला सांगितलेली किंमत मोजावी लागते. शासनालाही हा नियम चुकत नाही.

कार्यकर्त्यांनी आरंभ गावापासून करावा. ग्रामसभेत एकाकी वृद्धांची यादी वाचली जावी आणि ती तहसील कचेरीत पोहोचावी. ज्यांनी आयुष्यभर मालासाठी गोण्या वाहिल्या आणि गिरणीसाठी रात्रपाळ्या केल्या, ते भीक मागत नाहीत. त्यांची बाकी समाजाकडे आहे, आणि ती शेजाऱ्याच्याच ताटासारख्या ताटात वाढून फेडावयाची आहे.