हाकेची नोंद कोणाच्या हाती?

२०१३ साली केंद्र सरकारने १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी घोषित केला; त्यातूनच पुढे राज्यांना ११२ या संकटकालीन दूरध्वनी-यंत्रणेसाठी अनुदान मिळाले. हे उचितच झाले. परंतु या क्रमांकावर हाक मारणारी स्त्री आपला ठावठिकाणा आणि कित्येकदा आपल्या घरातील कलहही सरकारच्या हवाली करीत असते. ‘११२ इंडिया’ ॲपमधील ‘शाउट’ या सोयीने तर तिची हाक जवळपासच्या नोंदणीकृत स्वयंसेवकांपर्यंतही पोहोचते. त्यांतला एखादा तिच्या नवऱ्याचाच स्नेही निघाला तर? ही शंका मनात आली की तिचा हात दूरध्वनीकडे जाणारच नाही.

अमेरिकेत २००२ च्या कायद्यान्वये केंद्रीय खात्यांना अशी यंत्रणा उभारण्यापूर्वी खासगीपणावरील परिणाम तपासावे लागतात. आमच्या २०२३ च्या कायद्यातील तपासणी मात्र केंद्र सरकार ज्यांना ‘महत्त्वपूर्ण’ म्हणून अधिसूचित करील त्यांनाच लागू. शिवाय सरकारी संस्थांना सूट देण्याची वाटही त्यातच आहे!

अनुदानाच्या विनियोगाचा दाखला राज्यांना द्यावाच लागतो. ही माहिती कोणी पाहिली, किती दिवस ठेवली व केव्हा पुसली, याचाही हिशेब केंद्राने त्याच दाखल्यासोबत मागून घ्यावा, अशी आमची मागणी आहे.