अल्पायुषी म्यूऑनसाठी खटाटोप

द्रव्याचे अंतरंग जाणण्यासाठी शास्त्रज्ञ कणांच्या टकरी घडवतात. त्यासाठी म्यूऑन मोठा गुणी! त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट. म्हणून वर्तुळात फिरताना तो प्रारणरूपाने फारच कमी ऊर्जा गमावतो. पण स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद. इतक्या घाईत त्यांचा विस्कटलेला झोत आवळायचा कसा? इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत तो द्रव हायड्रोजन किंवा लिथियम हायड्राइडमधून सोडला, तर आवळता येतो असे दिसले. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्यूऑनच्या टकरींचे यंत्र अद्याप कोठेही उभारलेले नाही. मग हा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. विद्यार्थी मित्रांनो, महाकाय यंत्रावर पैसा ओतण्यापूर्वी एकेक अडचण लहान प्रयोगात पारखून घ्यावी, यातच खरे शहाणपण आहे.