हरभऱ्यात ज्वारीच्या दोन मुठी



दसरा-दिवाळीच्या सुमारास हरभऱ्याच्या पेरणीची गडबड सुरू होते. बियाणं, खत, पाभर यांची तयारी तुम्ही करालच. त्यात आणखी एक गोष्ट विसरू नका : एकरी दोन मुठी ज्वारी. ही ज्वारी कणगी भरण्यासाठी नाही. पाखरांना रानात बोलावण्यासाठी आहे.

हरभऱ्याचा मोठा वैरी म्हणजे घाटे अळी. एक अळी 30 ते 40 घाटे पोखरते. तिला टिपणारे कोतवाल, साळुंकी, बगळे आपल्याच शिवारात असतात. बगळा भुईवर चालत किडे वेचतो. कोतवालाला मात्र उंच बसून खाली नजर ठेवायची सवय. हरभऱ्याच्या डहाळीवर त्याला बसता येत नाही. मग तो बांधावरच्या बाभळीवर बसतो आणि रानाच्या मधोमध अळी निवांत खात राहते. तिथं ज्वारीचं ताट उभं असलं, की त्याची सोय होते.

प्रमाण हेक्टरी 200 ग्रॅम, म्हणजे एकरी 80 ग्रॅम. ही ज्वारी हरभऱ्याच्या बियाण्यात कालवा आणि पेरताना मधूनमधून हात फिरवा. नाहीतर बारीक दाणा तळाशी जाऊन एकाच जागी पडेल. कुठं दाट उगवली तर विरळ करा. पण उपटलेली रोपं जनावरांपुढे टाकू नका. कोवळ्या ज्वारीत विष असतं.

ताट उंच व्हायला वेळ लागतो. तोवर काठीला आडवी काठी बांधून एकरी 20 थांबे रोवा. ते पिकापेक्षा हात-दीड हात उंच असावेत.

कणसं भरली की चिमण्या येतील. त्यांना खाऊ द्या. ती त्यांची मजुरी समजा. पोपटांचे थवे घाट्यांवर उतरू लागले, तर मात्र राखण ठेवा.

पाखरं आली म्हणून स्वस्थ बसू नका. आठवड्यातून दोनदा रानात फेरी मारा. पानं खरवडल्यासारखी, पांढुरकी दिसली तर अळी नुकतीच निघाली आहे असं समजा. एक मीटर ओळीत दोन अळ्या सापडू लागल्या, तर पाखरांवर सारा भार टाकून चालणार नाही. अळी लहान असतानाच निंबोळी अर्क फवारा. त्यासाठी 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा आणि एकूण 100 लिटर पाणी करा. फवारणी संध्याकाळी करा.

भगिनींनो, शेवटचं तुमच्याशी बोलायचं आहे. हरभऱ्याचे शेंडे खुडून तुम्ही भाजी करता. पोरं रानात हुळा भाजून खातात. भुसकट जनावरांच्या दावणीत जातं. जहाल औषधाचा एक फवारा वाचला, तर पैसे वाचतातच; पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेवढं विष घरच्या ताटात यायचं टळतं. तेव्हा पेरणीच्या दिवशी बियाण्याच्या पाटीत त्या दोन मुठी तुम्हीच आठवणीनं घाला.