ओल झाकणाऱ्यांनो, जरा ऐका

मंडळी, आज थोडं कडक लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या रविवारी आमच्या इंदूरच्या घरी बैठक झाली. दीर, पुतणे, पुण्याहून आलेली नणंद, सगळे होते. विषय एकच, घर बिल्डरला द्यायचं. का, तर "वहिनी, भिंतीच राहिल्या नाहीत आता. जिकडे बघावं तिकडे ओल." मी तिथे गप्प बसले, पण रात्रभर झोप लागली नाही. कारण या भिंती म्हातारपणाने गेलेल्या नाहीत. आपणच त्या दुरुस्त करून करून मारल्या आहेत.

माझं माहेर ग्वाल्हेरचं. १९७९ साली लग्न होऊन या घरात आले. तेव्हा माजघराच्या भिंतीला हात लावला की गार लागायचं, पण हात ओला व्हायचा नाही. आत विटा, वर चुन्याचा गिलावा, आणि दर दिवाळीआधी सफेदी. पावसाळ्यात खाली वीतभर डाग यायचा, तो दिवाळीपर्यंत आपोआप सुकायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, भिंत पाणी पिते नि परत देते, तिला काही करू नका." जमिनीतली ओल विटांमधून वर चढतेच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून ती हवेत निघून जाते.

१९९६ मध्ये खिडकीखालचा थाळीएवढा पोपडा पडला. ठेकेदार आला, म्हणाला, "सिमेंट मार देते हैं, पच्चीस साल देखना नहीं पड़ेगा." दोन दिवसांत काम झालं. आम्ही खूश! तिसऱ्या पावसाळ्यात त्या सिमेंटच्या वर, कमरेच्या उंचीला ओल आली. साहजिकच आहे. खालून निघायची वाट बंद केली, तर पाणी वर चढणारच. पाठोपाठ लोणा लागला. रोज सकाळी झाडताना पांढरा भुगा सुपलीत भरायचा. मी आठ-दहा वर्षं तो झाडला आहे, म्हणून सांगते.

२००८ मध्ये अख्ख्या भिंतीला सिमेंट, वर पुट्टी, वर ऑइल पेंट. ओल छातीपर्यंत. थापी उलटी धरून ठोकलं तर भिंत पोकळ वाजायची, म्हणजे सिमेंटने विटा सोडल्या होत्या.

आणि २०१९ मध्ये शेवटचा शहाणपणा. त्या ओल्या भिंतीपुढे जिप्सम बोर्ड उभा केला. "आंटी, दिखेगा ही नहीं." खरंच दिसलं नाही, वास मात्र यायला लागला. या बोर्डाला दोन्ही बाजूंनी कागद असतो. ओल मिळाली की त्या कागदावर बुरशी धरते नि आतला जिप्सम मऊ पडतो. दोन पावसाळ्यांत बोर्ड फुगला. देवघर त्याच भिंतीला होतं, ते हलवावं लागलं. कपाट सरकवताना कोपरा लागून बोर्डाला भोक पडलं, तर कारागिराने त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि वरून पुट्टी फासली. मी पुढे तो बोळा ओढून काढला, तर त्यावरच्या बातम्यासुद्धा वाचता येत होत्या! याला आपण दुरुस्ती म्हणतो आणि पैसे देतो.

सिमेंटशी किंवा बोर्डाशी माझं भांडण नाही. काँक्रीटच्या घरात सिमेंट योग्यच आहे. कोरड्या खोलीत बोर्डही छान टिकतो, फक्त काम येणाऱ्याने करावं. माझा भाचा हेच काम करतो. वरच्या मजल्यावर बोर्डाला असंच भोक पडलं होतं. त्याने आधी फाटका भाग कापून सरळ चौकोन केला. आत पट्टी बसवली, त्यावर नवा तुकडा स्क्रूने आवळला. स्क्रूचं डोकं जरासं आत गेलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. मग सांध्यावर कागदी टेप, कारण नुसत्या पुट्टीला पुढे भेग जाते. त्यावर तीन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद नि पातळ, आणि मधला प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा. शेवटी बल्ब भिंतीला चिकटवून आडवा धरला आणि उंचवटे घासून काढले. चार दिवस लागले. आज ती जागा दाखवा म्हटलं तर मलाच सापडत नाही.

माजघराला हवा होता चुना. चुन्याच्या गिलाव्यासाठी भारतीय मानक ब्युरोची वेगळी संहिता आहे, आयएस २३९४. तेव्हा "आता चुना कोण वापरतं" हे मला सांगू नका. "कारागीर मिळत नाहीत" हेही अर्धंच खरं. आपण बोलावलं नाही म्हणून ते दुसऱ्या कामाला लागले.

मी गेल्या वर्षी कुणाला न विचारता माजघराचा एक कोपरा, सहा फूट बाय चार, म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडून करून घेतला. ते आल्या आल्या भिंतीकडे गेलेच नाहीत. बाहेर अंगणात गेले. फरशी घालताना आम्ही अंगण जोत्याच्या वर आणलं होतं आणि पन्हाळीचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी पडत होतं. ते आधी वळवलं. मग सिमेंट खरवडून विटा उघड्या केल्या आणि "दो महीने हाथ मत लगाना" म्हणून निघून गेले. फाल्गुन-चैत्रभर माझं घर भूतबंगला दिसत होतं, पण भिंत सुकली. तोवर कळीचा चुना पाण्यात भिजवून मुरत ठेवला होता. वाळू आणि विटांची सुरखी घालून तो मळला. विटांवर पाणी मारून पातळ थर, मग थांबायचं, रोज पाणी शिंपडायचं, मग पुढचा थर. चुना हवेतला वायू घेत सावकाश दगडासारखा होतो. त्याला घाई केली की तडकतो. शेवटी घोटाई आणि सफेदी.

यंदाचा पावसाळा त्या कोपऱ्याने पाहिला. खाली वीतभर डाग आला आणि दिवाळीआधी सुकून गेला. १९७९ सारखा.

आता खरा राग. तो ठेकेदारांवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. आपण एकमेकांना वाड्यांचे जुने फोटो पाठवतो, ओटीच्या, झोपाळ्याच्या आठवणी काढून डोळे पुसतो. आणि मिस्त्री दारात आला की पहिला प्रश्न विचारतो, "किती दिवस? पाहुणे यायच्या आत होईल ना?" पाणी कुठून येतंय, हे कुणी विचारत नाही. दोन दिवसांत चकाचक करणाऱ्याला आपण काम देतो, दोन महिने मागणाऱ्याला चहा पाजून परत पाठवतो. तीन वेळा झाकण्यात घातलेले पैसे मी वहीतून काढून बेरीज केली. तेवढ्यात अख्खं माजघर चुन्यात झालं असतं.

भाऊजी, तुम्हीही हे वाचाल, म्हणून इथेच सांगते. घर विकायचं तर विका, पैशाची गरज असेल तर मी आड येणार नाही. पण "भिंती गेल्या" हे कारण सांगू नका. त्या कोपऱ्यावर हात ठेवून बघा. मग उरलेल्या भिंतीसाठी मला एक वर्ष द्या. पुढच्या दिवाळीत ओल दिसली, तर कागदावर पहिली सही माझी.

आणि बाकी मंडळी, आज घरची भिंत जरा ठोकून ऐका. पोकळ वाजली तर पुट्टीवाल्याला फोन करू नका. आधी बाहेर जाऊन पाणी कुठे पडतंय ते बघा.