बिल्ला नसलेले हमाल

युरोपातल्या रेल्वेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यात वक्तशीरपणा असतो, स्वच्छता असते, खिडकीतली हिरवी कुरणे असतात. तिथे हमाल नाहीत, हे मात्र कोणी लिहीत नाही. साठी ओलांडलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने तीच मुख्य बातमी आहे.

आपल्याकडे लाल सदरा आणि दंडावरचा बिल्ला दिसला की आपण निर्धास्त होतो. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना 'सहायक' असे नाव मिळाले. ओझे तेच राहिले. युरोपात त्यांची जागा चाकांनी घेतली. चाकांच्या बॅगेचे पेटंट बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थांना मिळाले ते १९७२ साली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर! पण चाक चालते सपाटीवर. डब्याच्या पायऱ्यांवर ते निरुपयोगी. व्हेनिसमध्ये तर सांता लुचिया स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच समोर कालवा आणि पुलांना पायऱ्या. गावात असे पूल चारशेच्या वर. गंमत म्हणजे साऱ्या प्रवासात आम्हाला हमाल दिसले ते तिथेच. त्यांचा भाव ऐकून आम्ही लांबूनच नमस्कार केला.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही तीन जोडपी पॅरिसहून कोलोन, ल्युसर्न, मिलान करीत व्हेनिसला गेलो. पुरुष तिघेही बँकेतून निवृत्त. बॅगा नऊ. 'सामान कमी न्या' असा उपदेश सगळे करतात. तो पंचविशीतल्या पोरांसाठी ठीक आहे. तीन आठवड्यांच्या गोळ्या, गुडघ्याचे पट्टे, मधुमेह्याच्या वेळी-अवेळीच्या भुकेसाठी भाजणी, यातले नेमके काय घरी ठेवायचे?

खरा प्रश्न वजनाचा नव्हताच. आमच्यातल्या एकाचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी ओझे उचलायला मनाई केली होती. हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. पॅरिसला गाडीत चढताना वहिनी दोन्ही बॅगा ओढत होत्या आणि हा गंभीरपणे वेळापत्रक वाचत होता. पुण्यात त्याने हमाल केला असता आणि कोणाला काही कळलेही नसते. पैसे देऊन ओझे उचलून घेण्यात ही मोठी सोय आहे. खाते तिथल्या तिथे बंद होते, उपकार शिल्लक राहत नाहीत. आम्ही एकमेकांच्या सोसायटीच्या कर्जांना डोळे मिटून जामीन राहिलो आहोत. पण 'माझी बॅग जरा धर' एवढे चार शब्द चाळीस वर्षांच्या मित्राला म्हणता येत नाहीत!

कोंडी वहिनींनीच फोडली. कोलोनला मला म्हणाल्या, "भावजी, यांना उचलायला बंदी आहे. बॅग तुम्ही घ्या, आणि यांना दुसरं काहीतरी काम द्या."

काम होतेच. जर्मनीत फलाटाचे अ-ब-क असे भाग पाडलेले असतात आणि आपला डबा कोणत्या अक्षरासमोर लागणार हे आधी कळते. ते शोधून सर्वांना तिथे उभे करणे हे त्याचे खाते झाले. दोघांनी आधी चढायचे, दोघांनी खालून बॅगा द्यायच्या, एकीने पर्सेस सांभाळायच्या. मिलानला नऊ बॅगा दीड मिनिटात आत! (कोलोनच्या स्टेशनात बॅग गिळून जमिनीखाली नेणारे यंत्र आहे. दोन किल्ल्यांच्या लॉकरवर वाढलेला मी. शेजारचे, १२४८ ते १८८० असे बांधत राहिलेले कॅथेड्रल पाहताना माझे अर्धे लक्ष त्या यंत्राकडेच होते.)

माझ्या वयाची बहुतेक मंडळी सहलकंपनीच्या बसने जातात, कारण तिथे बॅगा दुसरे कोणी उचलते. मी म्हणेन, मित्रांबरोबर रेल्वेनेच जावे. मात्र व्हिसाचा अर्ज भरण्याआधी एका संध्याकाळी सर्वांनी बसून कोणाला काय उचलता येत नाही, हे बायकामाणसांसमोर स्पष्ट बोलून घ्यावे. ही बैठक तिकिटांइतकीच आवश्यक आहे.

पुढच्या खेपेला स्पेन ठरते आहे. बैठक आमच्याकडे झाली. यावेळी मनाई माझ्या खांद्याला आहे, आणि वहिनींनी भाजणी दोन किलोंवरून तीनवर नेली आहे.