शत्रूलाही आई असते



शहापूरच्या बैठकीला मुरबाडच्याही बायका आल्या होत्या. तिथे मी विल्फ्रेड ओवेनच्या ‘स्ट्रेंज मीटिंग’ या कवितेचा आशय सांगितला. सैनिकाला पाताळात त्यानेच मारलेला शत्रू भेटतो. दोघांची स्वप्नं एकच निघतात. एक मावशी म्हणाल्या, मग आयाही सारख्याच रडल्या असतील.

ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला. आईच्या हाती तार पडली ११ तारखेला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना.

बाहेर माहुलीचा किल्ला दिसत होता. १६३६, १६६५, १६७०: या हातातून त्या हातात गेलेला. जिंकणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पडलेल्यांच्या मागे घर कुणी ओढलं? युद्धाचा जयजयकार सुरू होईल तेव्हा हा प्रश्न आपणच विचारायला हवा.